सोनेरी पान

तिनं नाव लिहिलं आणि चौकट लगेच हिरवी झाली. झालं ते एवढंच, पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा तिच्या अंगाला हिसका बसला. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागं ती उभी होती. जेवणाची सुट्टी संपत आली होती. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात फोन. फोनवर अळंब्यांचा फोटो : गवतात उगवलेल्या चार-पाच पांढुरक्या छत्र्या आणि एक मोडून उलटी ठेवलेली. ‘तळमजला’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणा बाईनं तो टाकला होता आणि विचारलं होतं, ही कोणती? तिनं एक नजर टाकली आणि ‘कुरणातली अळंबी’ असं लिहिलं, खाली शास्त्रीय नाव. आणि चौकट हिरवी. आतापर्यंत असं कधी झालं नव्हतं. त्या संकेतस्थळावर हौशी माणसं आपल्या आसपासच्या झाडांचे, किड्यांचे, बुरशींचे फोटो टाकायची, बाकीचे त्यांची नावं सांगायचे, आणि ती माहिती पुढं संशोधकांच्या कामाला यायची. कुणी नाव सांगितलं की चौकट पिवळी व्हायची. मग दुसरं कुणीतरी, एखाद्या तासानं, एखाद्या आठवड्यानं, ‘मलाही तसंच वाटतं’ म्हणायचं, तेव्हा ती हिरवी व्हायची. त्या पिवळ्या रंगाची तिला सवय झाली होती. पिवळं म्हणजे अजून कुणीतरी बघणार आहे. पण काल संकेतस्थळाच्या कारभाऱ्यांचा निरोप आला होता : इतक्या वर्षांच्या निरपेक्ष कामाची दखल घेऊन आपल्याला ‘मानाचे जाणकार’ म्हणून गौरवण्यात येत आहे, आपल्या नावापुढं सोनेरी पान दिसेल. तिचं तिथलं नाव शेवाळ. शेवाळ आणि पुढं सोनेरी पान. त्या पानाबरोबर आणखी काय येतं ते निरोपात खालच्या बाजूला लिहिलं होतं, आणि तिनं ते वाचलंही होतं, पण वाचणं वेगळं आणि डोळ्यांसमोर चौकट हिरवी होणं वेगळं. यापुढं तिच्या एकटीच्या शब्दावर काम भागणार होतं.

‘बाई, आटप, रांग वाढली,’ खिडकीवरचे काका म्हणाले, आणि तिनं फोन ॲप्रनच्या खिशात टाकला. काका आणि ती, दोघांनी मिळून ती खिडकी बरीच वर्षं चालवली होती. एकानं चिठ्ठी वाचून औषध काढायचं, दुसऱ्यानं चिठ्ठी आणि औषध पुन्हा ताडून बघायचं आणि मोठ्यानं ‘पाहिलं’ म्हणायचं, मगच पुडकं खिडकीबाहेर. दिवसभर तो शब्द त्या अरुंद खोलीत लोलकासारखा इकडून तिकडं जायचा. पाहिलं. पाहिलं. काकांना निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि त्यांना कमी दिसायला लागलं होतं, हे तिला ठाऊक होतं. त्यांचं पाहिलं आता बरंचसं तिच्यावरच्या भरवशाचं होतं. तरीही ते म्हणायचे आणि तिला बरं वाटायचं. त्या दुपारी खोकल्याच्या बाटल्या, मलमं, साखरेच्या गोळ्या काढता काढता तिच्या मनात मघाचा तो हिरवा रंग दाताच्या फटीत अडकलेल्या तुसासारखा खुपत राहिला. कौतुक झालं तर माणसानं हरखावं. आपल्याला झालंय तरी काय?

संध्याकाळी घरी आली तर नवऱ्यानं बूटही काढले नव्हते. तो मोटार चालवायला शिकवायचा आणि दिवसभर ‘क्लच, क्लच’ ओरडून घसा बसलेला असायचा, पण आज तशा बसक्या आवाजातही त्याला राहवत नव्हतं. ‘सांगितलं सगळ्यांना,’ तो म्हणाला. ‘शिकाऊ पोरीला सांगितलं, गॅरेजवाल्याला सांगितलं. म्हटलं, आमची ही घरात बसून उंटावरनं शेळ्या हाकते, पण शेळ्या ऐकतात हं.’

‘कशाला सांगत सुटता?’

‘का नको? फुकट राबतेस इतकी वर्षं. मिळू दे की नाव.’

‘त्यांना माझं नाव कुठं माहीत आहे?’

‘तेच तर. शेवाळ.’ तो हसला, खोकला, आणि हात धुवायला गेला. ती खुर्चीत बसली आणि तिनं फोन उघडला, अभिनंदनं बघायला म्हणून. अभिनंदनं होतीच, पानंच्या पानं. ती ओलांडून ती दुपारच्या अळंब्यांकडं गेली. हिरव्या चौकटीखाली तळमजलाचं उत्तर होतं. धन्यवाद ताई. सोनेरी पान असलेल्या जाणकारांनी सांगितलं म्हणजे आता काळजीच नाही. आज जेवायला ह्याच करते, सासरे कधीपासून मागं लागलेत.

आधी तिला त्या वाक्यांचा अर्थच लागला नाही. मग लागला. तिनं फोटो मोठा केला. उलट्या ठेवलेल्या अळंबीच्या छत्रीखालच्या बारीक पट्ट्या गुलाबीसर दिसत होत्या. कुरणातल्या अळंबीच्या तशाच असतात. पण फोटो उगवतीच्या तिरप्या उन्हातला होता. गवताच्या पात्यांवर गुलाबी, मागच्या भिंतीवर गुलाबी, फोटोत चुकून आलेल्या चपलेच्या अंगठ्यावरसुद्धा गुलाबी. पट्ट्या गुलाबी होत्या की ऊन? आणि दांडा. दांडा मधेच मोडलेला होता. त्याचं बूड गवतात, मातीत राहिलं होतं. त्या बुडाशीच तर सगळं असतं. तिथं नुसती माती असली तर ती साधी खायची अळंबी, आणि तिथं पातळ पांढरी पिशवी असली तर ती दुसरीच कुणी, जिच्या पट्ट्या भर दुपारी बघितल्या तर पांढऱ्याशुभ्र दिसतात, आणि जी चवीला चांगली असते असं खाल्लेल्यांनी नंतर सांगितलेलं पुस्तकात छापलंय. ती खाऊन माणूस हात धुऊन उठतो, गप्पा मारतो, झोपतो. लगेच काही होत नाही. पहाटे पोट बिघडतं, मग थांबतं, घरच्यांना वाटतं सुटलो. आणि आतून यकृत गेलेलं असतं. हे तिला पाठ होतं. दुसऱ्यांना तिनंच किती वेळा सांगितलं होतं : बुडाचा फोटो टाका, बुडाशिवाय नाव सांगता येत नाही. मग आज दुपारी डब्याचं झाकण हातात धरून तिनं नाव कसं सांगितलं? सांगितलं, कारण नेहमी सांगायची. चौकट पिवळी व्हायची, मग आडकाठी यायचा.

आडकाठी हेही एक टोपणनाव. माणूस कुठला, केवढा, पुरुष तरी नक्की का, काही ठाऊक नाही. पण तिच्या प्रत्येक नावाखाली तो हजर. ‘हरकत आहे. दांड्यावरचं कडं दिसत नाही.’ ‘हरकत आहे. झाड कोणतं ते सांगा.’ कधी गोड बोलणं नाही, कधी पाठ थोपटणं नाही. एका तपकिरी, कानाच्या पाळीसारख्या बुरशीवरून दोघांची इतकी जुंपली होती की नवरा म्हणाला, तुम्ही दोघं लग्न तरी करून टाका. तिला त्याचा राग यायचा. पण नाव टाकताना मनाच्या एका कोपऱ्यात तो उभाच असायचा, आणि तो उभा आहे म्हणून ती पटकन, मोकळेपणी, थोडं बेफिकिरीनंही लिहू शकायची, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. हिरव्या चौकटीखाली आडकाठी नव्हता. हिरवी झालेली चौकट कोण कशाला उघडून बघेल?

‘थांबा, खाऊ नका,’ तिनं लिहिलं. ‘बुडाचा फोटो हवा. माझी खात्री नाही.’ उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं. तळमजलाच्या नावावर बोट ठेवलं तर एका फुलपाखराचं चित्र आणि ‘निसर्गप्रेमी, गृहिणी’ एवढंच. गाव नाही, नंबर नाही. तिनं कारभाऱ्यांना लिहिलं, त्यांचं आपोआप उत्तर आलं की आपला निरोप मिळाला आहे. मग तिनं विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. हा नंबर औषधांच्या खिडकीत भिंतीवर चिकटवलेला होता आणि तिनं तो कितीदा तरी लोकांना लिहून दिला होता. पलीकडून एका तरुण डॉक्टरचा थकलेला आवाज आला.

‘पेशंट कोण?’

‘एक बाई आहे. आणि तिचे सासरे. घरात आणखी कुणी असेल, मला माहीत नाही.’

‘त्रास काय होतोय?’

‘अजून काही नाही. म्हणजे, मला माहीत नाही.’

‘खाल्लंय का त्यांनी?’

‘तेही माहीत नाही.’

‘बाई, पेशंट आत्ता कुठं आहे?’

तिनं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत एकेका स्वयंपाकघरात दिवे लागत होते. तळमजल्यावरच्या घरात कुणीतरी पाठमोरं ओट्याशी उभं होतं, आणि ते घर नव्हे हे नक्की ठाऊक असूनही ती त्या पाठीकडं बघत राहिली. ‘माहीत नाही,’ ती म्हणाली. डॉक्टर समजुतीच्या स्वरात म्हणाला की पेशंटचा पत्ता लागला तर जवळच्या हॉस्पिटलात न्यायला सांगा, त्रास व्हायची वाट बघू नका. तो वाईट बोलला नाही. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, ‘अगं, लोकांना काही अक्कल असते. तू एका फोटोला नाव दिलंस, स्वयंपाक कर म्हणालीस का?’  तिनं पानं वाढली. ताटात काय वाढलंय ते तिला दिसत नव्हतं.

अंथरुणावर पडल्यावर तिच्या तळव्यांना घाम सुटला, आणि त्या घामाबरोबर शिडी आली. तिचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. उंच पाटी असली की शाळेतून आल्यावर तिला घेऊन जायचे, शिडी धरायला. ते वर चढायचे, ब्रश दातात धरून, डबा हुकाला अडकवून, आणि वरून खाली न बघता विचारायचे, ‘धरलंयस ना?’ ती म्हणायची, ‘धरलंय.’ मग ते दोन्ही हात सोडून अक्षराला गोलाई द्यायचे. एवढा मोठा माणूस, तिच्या एका शब्दावर दोन्ही हात सोडून. शिडीच्या बांबूला रंगाचे जुने ओघळ वाळलेले असत, ते तळव्यांना बोचत, आणि ती त्यांवर तळवे आणखी दाबायची. एकदा रस्त्यावरून कुणाचं तरी हरवलेलं गाढव पळत गेलं, मागं चार माणसं, आणि ती बघायला वळली. हात सुटले कधी ते तिलाही कळलं नाही. वरून आवाज आला, ‘धरलंयस ना?’ आणि तिचं तोंड आपोआप म्हणालं, ‘धरलंय,’ आणि मग तिनं पाहिलं की आपले हात अंगाशी आहेत आणि शिडी तिची ती उभी आहे. ते उतरले, तिच्या डोक्यावर रंगाचा हात ठेवून म्हणाले, ‘तू होतीस म्हणून बरं.’ काही झालं नव्हतं. ते पुढं पुष्कळ जगले, शिडीवरून कधी पडले नाहीत, आजारानं गेले. पण त्या दिवशी रस्त्यात तिला पहिल्यांदा जे भय वाटलं ते वडील पडतील याचं नव्हतं. ते भय याचं होतं की त्यांनी खाली बघितलं नाही. शेजारी नवरा घोरत होता. तिला वाटलं, आत्ता कुठंतरी एक म्हातारा माणूस असाच घोरत असेल, पोटभर जेवून.

सकाळी तिनं आडकाठीला खाजगी निरोप पाठवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ‘काल तळमजलाचा फोटो पाहिलात का?’

त्याचं उत्तर ती बसमध्ये असतानाच आलं. ‘पाहिला.’

‘काय वाटलं?’

‘बूड दिसत नव्हतं. उजेड फसवा होता. शंका आली.’

तिनं दोनदा वाचलं. बस वळणावर कलली, शेजारच्या माणसाचं कोपर तिच्या बरगडीत घुसलं. ‘मग हरकत का नाही घेतली?’

पुढच्या थांब्यावर उत्तर आलं. ‘तुमच्या नावापुढं पान आलंय. म्हटलं, मला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं असेल.’

त्या दिवशी खिडकीत ती दर पुडक्याला चिठ्ठी दोनदा, तीनदा ताडत होती. काकांनी ‘पाहिलं’ म्हटलं की ती म्हणायची, ‘काका, खरंच बघा हो.’ काका चष्म्यावरून तिच्याकडं बघायचे. ‘काय झालंय तुला आज? मी काय झोपेत म्हणतो का?’ रांगेत एक म्हातारा होता, सुनेनं आणलेला, पोट धरून उभा. त्याला साधी पित्ताची गोळी लिहून दिली होती, पण ती त्याला नको नको ते विचारत राहिली, काल काय खाल्लं, कुठून आणलं, रंग कसा होता, शेवटी सून वैतागली. दुपारी फोन थरथरला. तळमजला. तिनं तो लगेच उघडला नाही. हात पुसले, उगाच ड्रॉवर उघडून बंद केला, मग उघडला.

‘ताई, नेट बंद होतं, आत्ता निरोप बघितला. काल सगळ्यांनी खाल्ल्या. मस्त झाल्या होत्या. सासरे ठणठणीत, सकाळी फिरून पण आले. तुम्ही म्हणालात म्हणून तिथली राहिलेली एक उपटून आणली, हा घ्या बुडाचा फोटो.’ फोटो भर दुपारचा होता. दांड्याचं बूड स्वच्छ, मातीचे चार कण, पिशवी नाही. पट्ट्या गुलाबी, अगदी पुस्तकातल्यासारख्या. कुरणातली अळंबी. तिनं दिलेलं नाव बरोबर होतं.

तिला हसू यायला हवं होतं. ती मात्र स्टुलावर बसून राहिली. बोलाफुलाला गाठ पडली होती, दुसरं काही नाही. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘बघ. उगाच जीव टांगणीला लावलास. शेवटी तूच बरोबर.’ शेवटी तूच बरोबर. हेच तर कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. संध्याकाळी तिनं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : ‘कालच्या फोटोत दांड्याचं बूड दिसत नव्हतं. मी अंदाजानं नाव सांगितलं. ते बरोबर निघालं हा योगायोग. माझ्या शब्दावर काही खाऊ नका.’ लिहून तिला हलकं वाटलं. थोड्या वेळानं बघितलं तर त्याखाली लाल बदामांची रांग लागली होती. किती हा साधेपणा. मोठी माणसं अशीच असतात. फळांनी लगडलेली फांदीच वाकते. तिनं कारभाऱ्यांना विनंती केली की माझं पान काढा. ‘आपली भावना आम्ही समजू शकतो,’ त्यांनी लिहिलं, ‘परंतु दिलेला मान परत घेण्याची सोय सध्या नाही. नव्या सदस्यांना आपला आधार वाटतो.’

त्यानंतर तिनं नावं सांगणं जवळजवळ सोडलं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिनं ताक प्यायचंच सोडलं. पण ती गप्प बसली तरी फोटो येत राहिले, आता नेमके तिच्या नावानं. शेवाळताई, बघा ना. ताई, फक्त हो किंवा नाही. ओट्यावरच्या अळंब्या, टोपलीतल्या, पाण्यात धुवायला टाकलेल्या. कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना खिशात फोन थरथरला की तिचं हातातलं काम थांबायचं. उत्तर दिलं तर तिचा शब्द, नाही दिलं तर तिचं गप्प राहणं. एकीनं लिहिलंच होतं, ‘ताई काही बोलल्या नाहीत म्हणजे ठीकच असणार.’ हे वाचल्यावर तिनं ठरवलं, सगळ्यांना एकच उत्तर : खाऊ नका. ह्यात कुणाचं काय वाईट होणार? ती फोटो उघडेनाशी झाली. निरोप आला की वरच्यावर बोटानं टाकायची, खाऊ नका, आणि फोन पालथा ठेवायची. त्या दोन शब्दांत तिला हळूहळू आसरा वाटू लागला. रात्री झोप लागायला लागली. चौकटी धोक्याच्या लाल रंगाच्या व्हायच्या, लोक आभार मानायचे. आडकाठी कुठं दिसत नव्हता.

मग एका रविवारी, दिवस मावळायच्या सुमाराला, ती चादरींच्या घड्या घालत असताना तळमजलाचा निरोप आला. ‘ताई, कसे आभार मानू. तुम्ही सकाळी खाऊ नका म्हणालात म्हणून वाचलो. वाडगाभर होत्या, सगळ्या फेकल्या. वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्याच, त्यांनी दिल्या होत्या. चांगलं सुनावलं त्यांना. लहान मूल आहे हो घरात. विष घालत होत्या. सासऱ्यांनी पण जिन्यात उभं राहून सगळ्यांसमोर बोलून घेतलं.’

सकाळी. सकाळी तिनं किती जणांना लिहिलं होतं, तेही आठवेना. तिनं चादर तशीच टाकली आणि मागं जाऊन तो फोटो शोधला. पहिल्यांदा उघडला. काचेच्या वाडग्यात गोल गोल, गुळगुळीत, सगळ्या एका मापाच्या अळंब्या, दांडे सरळ सुरीनं कापलेले. असं मोजूनमापून रानात काही उगवत नाही. शेडमध्ये वाढवलेल्या, दुकानात पाकिटातून मिळतात त्या. तिच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये आत्ता तसलंच पाकीट होतं. कुणीही ओळखलं असतं. फोटो बघणाऱ्या कुणीही.

ती जमिनीवर, चादरींच्या मधेच बसली. ‘काय झालं?’ नवऱ्यानं विचारलं. तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, फोटो बघितला, आणि ह्या वेळी तो काही गमतीचं बोलला नाही. ‘ह्या तर दुकानातल्या,’ एवढंच म्हणाला.

‘त्या अळंब्या चांगल्या होत्या,’ तिनं तळमजलाला लिहिलं. ‘दुकानातल्या आहेत. मी फोटो न बघता उत्तर दिलं. आजींची काही चूक नाही.’

‘ताई, तुमचं मन किती मोठं,’ उत्तर आलं. ‘पण तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. एकदा नाही म्हणालात ना, मग नाहीच.’

 भिंतीशी बोलल्यासारखं झालं. तिनं वाद घातला नाही. ‘मला त्या आजींचा नंबर द्या,’ तिनं लिहिलं. का, कशाला, असं बरंच झालं, पण ताईंनी मागितला म्हणून शेवटी नंबर आला. तिनं तो लगेच लावला. बराच वेळ घंटी गेली. मग उचलला गेला.

‘आजी?’

‘कोण?’ आवाज बारीक, जवळजवळ कुजबुजल्यासारखा.

‘तुम्ही मला ओळखत नाही. त्या अळंब्यांबद्दल…’

‘मी काही केलं नाही हो,’ आजी घाईनं म्हणाल्या. ‘मुद्दाम नाही केलं. पोराला आवडेल म्हणून दिल्या. दुकानातनं आणल्या होत्या मी, अर्ध्या त्यांना, अर्ध्या मला. सांगत होते तिला. ती म्हणाली, ताईंनी सांगितलंय. त्या मोठ्या जाणकार आहेत. मग मी काय बोलणार?’

‘आजी, ती ताई मीच.’

 मग आजींनी विचारलं, ‘मग तूच सांग बाई, किती वेळ लागतो?’

‘कशाला?’

‘माझ्या वाटच्या मी सकाळीच खाल्ल्या होत्या,’ आजी म्हणाल्या. ‘ती ओरडायला आली तेव्हा भांडंपण घासून झालं होतं. तेव्हापासनं बसले आहे. दार उघडंच ठेवलंय, म्हणजे नंतर कुणाला तोडायला नको. दवाखान्यात जायचं तर जिन्यात सगळे उभे. पोटात मळमळतंय सारखं. मुलीला फोन करावा म्हटलं, पण ती लांब आहे, काय सांगू तिला.’

 तिच्या ओठांवर आलं होतं ते अगदी सोपं होतं : काही होणार नाही, मी सांगते ना. आजींनी ते ताबडतोब मानलं असतं. सकाळचंही त्यांनी मानलंच होतं, स्वतःच्या हातानं दुकानातून आणलेलं असून. तिनं डोळे मिटले. नवरा समोर चादरीचं टोक हातात धरून उभा होता.

‘आजी, त्या पाकिटातून आणल्या होत्या ना? पाकीट आहे?’

‘केरात टाकलं.’

‘केर गेला का?’

‘नाही, डबा आहे इथंच.’

‘मग ते काढा. मी धरते फोन. त्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचा. मी सांगते म्हणून नाही. तुम्ही स्वतः वाचा, मोठ्यानं. नंतर आपण तुमच्या मुलीलाही फोन लावू, आणि डॉक्टरांनाही, तेही ऐकू देत. वाचता येतं ना?’

‘न यायला काय झालं,’ आजी म्हणाल्या, आणि त्या कुजबुजत्या आवाजात पहिल्यांदा थोडी धार आली. ‘शाळेत शिकवलंय मी. चष्मा कुठं ठेवला बघते. थांब हं. ठेवू नकोस.’

‘नाही ठेवत.’

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग चपला फरफटत गेल्या, खुर्ची सरकली, एक ड्रॉवर अडकला आणि ओढून उघडला गेला. ती ऐकत राहिली. फोन तिनं दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता. डब्याचं झाकण पडलं, घरंगळलं, आणि कितीतरी वेळ गोल फिरत राहिलं. मग प्लास्टिक चुरचुरलं. ‘सापडलं,’ आजींचा आवाज लांबून आला. ‘ओलं झालंय जरा. पुसते.’ आणि मग, अगदी जवळ येऊन, शाळेत पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी तशा स्वरात त्यांनी पहिला शब्द वाचायला घेतला.